एका बटणासाठी मध्यरात्रीची खेप
(दूरचा संगणक जागेवरून हाताळण्याची सोय : केव्हीएमची ओळख)



गेल्या गळीत हंगामातली ती रात्र त्या वेळी केनयार्डात असलेल्या मंडळींच्या चांगली लक्षात असेल. जानेवारीची थंडी, रात्रीचे दीड वाजलेले आणि काट्यावर गाड्यांची रांग खोळंबलेली. गाडी काट्यावर चढत होती, डिस्प्लेवर वजनही दिसत होते, पण पावती काही निघत नव्हती.

झाले होते ते एवढेच. टर्बाइन ट्रिप होऊन थोडा वेळ वीज गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या दमलेल्या होत्या, त्यामुळे संगणक खोलीतला मुख्य सर्व्हर बंद पडला. वीज आल्यावर तो आपोआप चालू झाला खरा, पण मध्येच अडून बसला. संगणक विभागातले आमचे सहकारी कर्जतला राहतात. त्यांना फोन लावला, तसे ते उठून मोटारसायकलवर निघाले. तोवर काटा लिपिकांनी हाताने पावत्या लिहायला सुरुवात केली. जुंपलेले बैल थंडीत उभे, ट्रॅक्टरवाले शेकोटीला बसलेले.

सहकारी आले, सर्व्हरला पडदा आणि कीबोर्ड जोडला, तेव्हा मजकूर दिसला. मशीनमधल्या घड्याळाची रुपयाच्या नाण्याएवढी सेल संपली आहे, वेळ चुकली आहे, पुढे जायचे असेल तर एफ-वन हे बटण दाबा. त्यांनी बटण दाबले आणि थोड्या वेळात पावत्या सुरू झाल्या. एका बटणासाठी दीड तास गेला.

दुसऱ्या दिवशी काही सभासद ऑफिसात आले आणि त्यांनी विचारले, ते बरोबरच विचारले : "आमची विहिरीवरची मोटर घरी बसून मोबाइलवर चालू होते. मग एवढं किमतीचं तुमचं मशीन एका बटणासाठी का अडतं?" या प्रश्नाचे उत्तर द्यावे, आणि त्यानंतर कारखान्यात जी नवी सोय केली आहे तिची माहिती सर्वांना व्हावी, म्हणून हा लेख.

सर्व्हर म्हणजे काय आणि त्याला पडदा का नसतो

ऑफिसात टेबलावर दिसतो तो संगणक एका माणसाच्या कामाचा असतो. सर्व्हर हा सगळ्यांच्या कामाचा संगणक. उसाची नोंद, तोडणी प्रोग्रॅम, काट्यावरची वजने, वाहतूकदारांची खाती, सभासदांचे बिल, सगळे शेवटी त्याच्यात जमा होते. शेतकी विभाग, काटा, अकौंट विभाग येथले संगणक त्याच्याकडेच माहिती मागतात. गावात घरटी नळ असले तरी पाण्याची टाकी एक असते, तसा हा प्रकार समजावा.

सर्व्हर रात्रंदिवस चालतो आणि त्याच्यासमोर बसून कोणी काम करत नाही. म्हणून त्याला स्वतःचा पडदा, कीबोर्ड, माउस सहसा ठेवत नाहीत. हे सर्व्हर लोखंडी कपाटात एकावर एक बसवतात. या कपाटाची रुंदी जगभर १९ इंच धरतात आणि एका खणाची उंची पावणेदोन इंच. पुरुषभर उंचीच्या कपाटात असे ४२ खण बसतात. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे भागात आणि पनवेलजवळ मोठी डेटा सेंटर उभी आहेत. तेथे अशा कपाटांच्या रांगाच्या रांगा असतात. प्रत्येक मशीनला वेगळा पडदा द्यायचा म्हटले तर मशीनपेक्षा पडद्यांनाच जागा जास्त लागेल.

तीन अक्षरांचा डबा

या अडचणीतून केव्हीएम स्विच निघाला. 'के' म्हणजे कीबोर्ड, 'व्ही' म्हणजे व्हिडिओ, म्हणजेच पडद्यावरचे चित्र, आणि 'एम' म्हणजे माउस. पडदा, कीबोर्ड आणि माउस एकेकच ठेवायचे, ते या डब्याला जोडायचे, आणि डब्यातून आठ, सोळा किंवा बत्तीस सर्व्हरना केबली न्यायच्या. बटण फिरवले की पहिला सर्व्हर, पुन्हा फिरवले की दुसरा. एका पाइपलाइनवर चार व्हॉल्व्ह बसवून पाणी कधी या वाफ्याला, कधी त्या वाफ्याला द्यावे, तसेच हे.

यात एक गंमत आहे. पुष्कळ संगणक चालू होताना आपल्याला कीबोर्ड जोडला आहे का ते तपासतात आणि नसला तर तक्रार करून थांबतात. म्हणून हा डबा प्रत्येक मशीनला सतत भासवत राहतो की बाबा, कीबोर्ड तुझ्याकडेच आहे. प्रत्यक्षात तो एकच असतो आणि सगळ्यांच्या वाट्याला पाळीपाळीने येतो.

पण या साध्या डब्याला मर्यादा आहे. केबल पोचेल तेवढ्याच अंतरावर तो उपयोगी. आमच्या त्या रात्री असा डबा असता तरी माणसाला संगणक खोलीपर्यंत यावेच लागले असते.

डबा लांब कसा पोचला

पुढची पायरी म्हणजे नेटवर्कवरून चालणारा केव्हीएम. हा डबा सर्व्हरच्या पडद्याचे चित्र पकडतो, त्याचे आकड्यांत रूपांतर करतो आणि नेटवर्कवरून दूरच्या संगणकावर पाठवतो. तिकडे बसलेल्या माणसाने दाबलेली बटणे त्याच वाटेने परत येतात. सर्व्हरला वाटते, कोणीतरी आपल्यासमोर बसूनच दाबतो आहे.

आता चित्र पाठवणे म्हणजे किती काम, ते बघा. नेहमीच्या मोठ्या पडद्यावर १९२० आडवे आणि १०८० उभे, असे मिळून २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढले जाते, म्हणजे सेकंदाला सव्वाबारा कोटींहून जास्त ठिपके झाले. एवढे जसेच्या तसे पाठवायचे तर मोबाइलची लाइन पुरणारच नाही. म्हणून डबा चित्र दाबून लहान करतो आणि पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच पुढे पाठवतो. सर्व्हरच्या पडद्यावर सिनेमा चालत नाही, चार ओळी मजकूर असतो. त्यामुळे साध्या फोर-जी सिमवरही हे काम निभते.

बऱ्याच मोठ्या सर्व्हरमध्ये याच कामाची एक छोटी चिप आतच बसवलेली येते. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी १९९८ साली तिच्यासाठी एक समान पद्धत ठरवली. या चिपला सर्व्हर चालू असण्याची गरज नसते. मशीन बंद असले तरी वायरमधून येणाऱ्या थोड्याशा विजेवर ती जागी राहते. पंख्यांचा वेग, आतले तापमान सांगते आणि हुकूम मिळाला तर सर्व्हर चालू किंवा बंद करते. वाड्यातली माणसे झोपली तरी देवडीवरचा राखणदार जागा असतो, तसेच हे. ज्यांच्या सर्व्हरमध्ये ही चिप नाही त्यांना बाहेरून छोटा डबा जोडता येतो. रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर चालणारे स्वस्त डबेही आता मिळतात.

मग मोबाइलवरचे ॲप का पुरत नाही?

हा प्रश्न तरुण सभासद हमखास विचारतात. दुसऱ्याचा संगणक आपल्या पडद्यावर दाखवणारी ॲप आहेत, आम्हीही ती वापरतो. पण ते ॲप त्या संगणकाच्या आतच चालत असते. संगणक पूर्ण चालू झाला, त्याची प्रणाली उठून बसली, नेटवर्क जोडले गेले, तर पुढे ॲप चालणार. मशीन दारातच अडले असेल तर ॲपचा उपयोग शून्य. आतल्या माणसाला हाक मारून कडी काढायला सांगावी आणि तो आत बेशुद्ध पडलेला असावा, अशी गत होते.

केव्हीएम मशीनच्या बाहेर असतो. त्यामुळे चालू होतानाचा पहिला मजकूरही दिसतो आणि एफ-वनही दाबता येते. इतकेच नाही, तर आपल्याकडची प्रणालीची डिस्क लांबून 'जोडल्यासारखी' दाखवून सर्व्हरवर नव्याने प्रणालीसुद्धा बसवता येते.

विहिरीवरच्या मोबाइल स्टार्टरशी तुलना केली तर असे म्हणता येईल : स्टार्टर फक्त चालू-बंद करतो. मोटर का उठत नाही, फेज गेली की पाणी खाली गेले, हे बघायला पुष्कळदा बांधावर जावेच लागते. केव्हीएमने चालू-बंद तर होतेच, शिवाय मशीन का अडले हे डोळ्यांनी दिसते.

अर्थात सगळे लांबून होत नाही. डिस्क जळाली, पॉवर सप्लाय गेला, उंदराने केबल कुरतडली, तर तेथे माणूसच लागतो. केव्हीएम वाचवतो ती फुकटची खेप. आणि खरोखर जावे लागलेच, तर काय बिघडले आहे आणि कोणता सुटा भाग न्यायचा, हे आधी कळते.

दोन दिवसांची आठवण

हा प्रकार केवढा मोठा होऊ शकतो हे जगाने अलीकडे दोनदा पाहिले.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीच्या सुरक्षा प्रणालीची एक सदोष सुधारणा जगभर गेली आणि विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्या देशातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, आमच्या काट्यावरच्या हातपावत्यांसारखेच. उपाय तसा सोपा होता. मशीन सुरक्षित पद्धतीने चालू करायचे आणि एक फाइल काढून टाकायची. पण मशीन धड उठतच नसल्याने बहुतेक ठिकाणी हे प्रत्येक संगणकासमोर जाऊन करावे लागले. ज्यांच्या सर्व्हरना केव्हीएमची वाट होती त्यांना ते जागेवरून करता आले. बाकीच्यांना जिने चढावे लागले.

दुसरा दिवस ४ ऑक्टोबर २०२१. त्या रात्री आपल्या सगळ्यांचे व्हॉट्सॲप बंद पडले होते, आठवत असेल. फेसबुक कंपनीत देखभालीच्या कामात एक चुकीचा हुकूम गेला आणि तिची डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली. दुरुस्ती लांबून करायची, तर नेहमीचे नेटवर्कही बंद आणि अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेली वेगळी वाटही बंद. शेवटी इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवावे लागले. तेथील पहारा इतका कडक की आत शिरून मशीनला हात लावण्यातही वेळ गेला. सुमारे सहा तास सेवा बंद होती.

एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपली काय कथा! आमची फजितीही सांगून टाकतो. सर्व्हरला केव्हीएम बसवल्यावर चाचणी घेतली. मुख्य नेटवर्कचा स्विच मुद्दाम बंद केला आणि काय झाले? केव्हीएमही गेला. कारण आम्ही त्याला त्याच स्विचमधून लाइन दिली होती आणि वीजही त्याच बोर्डावरून घेतली होती. घराला आग लागली तर पाणी असावे म्हणून हंडा भरला, पण ठेवला त्याच घरात. आता त्याला वेगळी छोटी बॅटरी आणि वेगळे सिमकार्ड असलेला राउटर दिला आहे. मुख्य वाट बंद पडली तरी ही पाऊलवाट उघडी राहते. चाचणी पुन्हा घेतली, ती पार पडली.

सहकारातले आपले एक उदाहरण

लांबच्या संगणकाची देखभाल हा प्रश्न सहकारी साखर कारखानदारीला नवा नाही. १९९८ साली कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या वारणा खोऱ्यात सुमारे ७० गावांमध्ये संगणक केंद्रे उभारण्याची योजना सुरू झाली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह मिळून ती राबवत होते. उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन, बिल ही माहिती सभासदाला कारखान्यावर हेलपाटा न घालता गावातच मिळावी, असा हेतू होता. सभासदाचा वेळ वाचवण्यासाठी केलेला तो मोठाच प्रयोग होता.

पण गावोगावी संगणक ठेवले की त्यांची देखभालही गावोगावी करावी लागते. तो खर्च मोठा असतो. पुढे काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तीच माहिती देऊन पाहिली गेली. यातून आम्ही घेतलेला बोध असा : यंत्र बसवताना ते चालवायचे कसे हे आपण विचारतो, पण बिघडले तर तेथवर पोचायचे कसे, हेही त्याच दिवशी विचारले पाहिजे. कुकडीच्या कालव्याच्या शेपटाला असलेल्या आपल्या तालुक्याला हे वेगळे सांगायला नको. लांबच्या टोकाला सगळेच उशिरा पोचते, पाणीही आणि मेकॅनिकही.

आता खरा प्रश्न : किल्ली कोणाकडे?

ही माहिती आम्ही केनयार्डात सांगितली तेव्हा एका जुन्या सभासदांनी विचारले, "म्हणजे कुणी पुण्यात बसून आमच्या उसाचं वजन बदलू शकेल का?" प्रश्न झोंबणारा आहे, पण रास्त आहे. उत्तर न फिरवता देतो.

केव्हीएममुळे लांबच्या माणसाला जे अधिकार मिळतात ते संगणक खोलीत बसलेल्या माणसाइतकेच असतात, जास्त नाहीत आणि कमीही नाहीत. सर्व्हरचा पासवर्ड त्यालाही लागतोच. पण मशीनसमोर बसलेला माणूस ते बंद करू शकतो, दुसऱ्या डिस्कवरून चालू करू शकतो. तेच आता लांबूनही करता येते. म्हणून ही वाट म्हणजे संगणक खोलीची दुसरी किल्ली आहे. ती तिजोरीच्या किल्लीसारखीच जपली पाहिजे. या वाटेवर चोरही टपलेले असतात. अनेक कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या अशाच एका चिपच्या प्रणालीत पासवर्डशिवाय आत शिरता येईल अशी फट सापडली. तिचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याची नोंद अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने जून २०२५ मध्ये केली.

म्हणून आपल्याकडे पुढील नियम ठरवले आहेत :

१. केव्हीएम उघड्या इंटरनेटवर ठेवलेला नाही. आधी बंदिस्त खासगी वाटेने आत यावे लागते, मगच तो दिसतो.

२. कंपनीकडून आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला आहे. प्रत्येक माणसाला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड आहे. शिवाय मोबाइलवर येणारा आकडा दिल्याशिवाय दार उघडत नाही.

३. बाहेरच्या दुरुस्तीवाल्याला कायमची किल्ली दिलेली नाही. काम असेल तेव्हा तेवढ्यापुरती वाट उघडायची, आपला माणूस समोर पडदा बघत बसणार, काम झाले की वाट बंद.

४. कोण आले, किती वाजता, किती वेळ, कशासाठी, याची नोंद यंत्रात होतेच. शिवाय रजिस्टरमध्येही लिहायची आणि दोघांनी सह्या करायच्या.

५. डब्यातली प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करायची. महिन्यातून एकदा मुख्य लाइन बंद करून ही वाट चालते की नाही, ते पाहायचे.

आणि सभासदाच्या हातातली सर्वांत पक्की खबरदारी अजूनही जुनीच आहे. काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी होते. काट्याचा डिस्प्ले सर्व्हरवर अवलंबून नाही, त्या रात्री सर्व्हर बंद असतानाही तो वजन दाखवतच होता. गाडी काट्यावर असताना डिस्प्लेवरचा आकडा पाहा, पावतीवरच्या आकड्याशी ताडून घ्या आणि पावती जपून ठेवा. बिल आल्यावर पुन्हा मेळ घाला. फरक दिसला तर ऑफिसात पावती घेऊन या. पावती हातात असेल तर कोणत्याही सर्व्हरला खोटे बोलता येणार नाही.

शेवटी

ऊस तोडल्यापासून त्याचे वजन घटत जाते आणि उताराही उतरत जातो. उसाचे बिल नियमाप्रमाणे १४ दिवसांत द्यायचे असते आणि त्याचा हिशेब काट्यावरच्या नोंदीतूनच सुरू होतो. म्हणून काट्यावर गेलेला दीड तास हा संगणक विभागाचा नसतो. तो तोडणी टोळीचा, गाडीवानाचा आणि सभासदाचा असतो, हे आम्ही जाणतो.

ती नाण्याएवढी सेल आम्ही लगेच बदलली, यूपीएसच्या बॅटऱ्याही नव्या टाकल्या. खरे तर हे आधीच करायला हवे होते, ती चूक आमची. केव्हीएम आला म्हणून सेल बदलायची विसरायची, असे होता कामा नये. यंत्राची नेमाने निगा राखणे हे पहिले काम, लांबून हात पोचणे हे दुसरे.

येत्या हंगामात असा प्रसंग आलाच, तर आमचे सहकारी कर्जतच्या घरी उठतील, बटण दाबतील आणि पुन्हा झोपतील. रजिस्टरमध्ये दुसऱ्या दिवशी त्याची नोंद झालेली दिसेल. हे रजिस्टर ऑफिसात ठेवले आहे. कोणाही सभासदाने ऑफिसच्या वेळेत यावे आणि ते जरूर पाहावे.